ऐंशी नंबरचा रुमाल

हिंगणीत वर्ध्याची एसटी लागली की माणसांच्या आधी रुमाल चढतात. रुमालाचा मालक पानठेल्यावर सुपारी कातरत असतो, पण जागा त्याची. चुकून कोणी बसलंच, तर "दिसून नाही राहिलं का, रुमाल हाये ना!" एवढं ऐकून तो मुकाट्याने उठतो. या कायद्यात वाढलेल्या माणसाला सर्व्हरवरची भांडणं वेगळी शिकवावी लागत नाहीत.

गावात बसून मी चार वेबसाइटी सांभाळतो. एक कृषी केंद्राची, एक मंगल कार्यालयाची, एक संत्रीवाल्याची आणि एक बोरच्या जंगलाकडे येणाऱ्यांसाठी खोल्या देणाऱ्या भाऊंची. 2014 साली बोरचा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून आमच्याकडे वाघापेक्षा वाघ पाहणारे जास्त. चौघांची मिळून ऐपत एका भाड्याच्या सर्व्हरची, म्हणून चौघं एकाच पत्त्यावर.

सर्व्हरला पोर्ट, म्हणजे बसायच्या जागा, असतात 65,535. एवढ्यात अख्खी हिंगणी बसवता येईल. पण पत्त्यापुढे आकडा टाकला नाही की ब्राउझर साध्या साइटसाठी सरळ 80 वर जातो आणि कुलूपवाल्या साइटसाठी 443 वर. त्यामुळे बाकी गाडी रिकामी असली तरी सगळ्यांना हीच खिडकी हवी. सर्व्हरवर साइटी दाखवणारा अपाचे नावाचा प्रोग्राम आधीपासून होता, 1995 सालचं जुनं खोड. मंगल कार्यालयासाठी त्याच कामाचा इंजिनएक्स आला, तो 2004 सालचा. सर्व्हर चालू झाला की दोघेही 80 वर रुमाल टाकायला धावत. ज्याचा आधी पडला तो बसला. दुसरा 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' एवढं लिहून जागीच प्राण सोडायचा. रुमाल कोणाचा, हे 'एसएस' नावाची कमांड प्रोसेसच्या नंबरासकट सांगते. पण मालक कळला म्हणून तो उठतो थोडाच!

तात्पुरता उपाय म्हणून भाऊंची साइट 8080 वर नेली. पेंटरने तो आकडा रस्त्यावरच्या फलकावर पत्त्यापेक्षा मोठा रंगवला. नागपूरहून फोन आला, "एका रात्रीचे 8080? वाघ खोलीत येऊन दर्शन देते काय?"

शेवटी कंडक्टर नेमला. दाराशी 80 आणि 443 वर एकटा इंजिनएक्स. बाकीचे आत 8081, 8082 असे आपापल्या आकड्यावर गुमान बसलेले. बाहेरच्याला ते दिसतही नाहीत. येणाऱ्याने कोणत्या नावाच्या साइटीवर जायचं ते सांगायचं, इंजिनएक्स त्याला तिथे पोचवणार. नाव सांगण्याची सक्ती 1997 साली एचटीटीपीच्या 1.1 आवृत्तीने केली. त्याआधी एका पत्त्यावर चार बिऱ्हाडं म्हणजे कोणाचा पाहुणा कोणाच्या ताटावर, याचा नेम नव्हता. कुलूपवाल्या साइटींना तर कुलूप उघडायच्या आधीच नाव कळावं लागतं, म्हणून 2003 साली एसएनआय नावाची सोय निघाली.

पंधरवडा सुखात गेला. मग भाऊंच्या भाच्याने परस्पर आणखी एक नाव विकत घेतलं आणि आमच्या पत्त्याला जोडलं. ते नाव कंडक्टरच्या यादीत नव्हतं, आणि अनोळखी नाव आलं की इंजिनएक्स पाहुण्याला यादीतल्या पहिल्या घरी सोडतो. पहिलं होतं कृषी केंद्र. भाऊंचा फोन आला, "वाघाच्या जागी युरिया काऊन दिसून राहिला बावा?"

यादी दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. पण यादीत पहिला कोण, हे त्या फोनमुळे गावभर झालं आणि खरं भांडण तिथून पेटलं. मंगल कार्यालयवाले म्हणाले, शुभकार्य आधी. संत्रीवाला म्हणाला, वर्षातून दोनच बहार, मला तरी द्या. भाऊ म्हणाले, वाघाच्या पुढे कोण बसते?

इंजिनएक्सकडे 444 हा एक खास आकडा आहे. तो दिला की अनोळखी पाहुण्याशी अवाक्षर न बोलता इंजिनएक्स दार लावून घेतो. पहिल्या जागेवर मी तोच बसवला. आता पहिला मान कोणालाच नाही. चौघंही सारखेच नाराज आहेत, म्हणजे निवाडा बरोबर झाला.