एका गोलनं हरल्यावर: कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

बदली होऊन आलेला बँकेतला क्लार्क, पेठेत खोली घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा पोरगा आणि पेठेचा नवा जावई, अशा तिघांसाठी हे लिहितोय. तांबडा-पांढरा पचवायला कुणीही शिकतं. शाहू स्टेडियमवर तिकीट काढून बसणंही जमतं. अडचण येते ती मॅच संपल्यावर, तीही आपला संघ शेवटच्या पाच मिनिटांत गोल खाऊन 1–0 नं हरल्यावर. त्या संध्याकाळी तालमीच्या पायरीवर काय बोलायचं, किती बोलायचं आणि मुख्य म्हणजे कुणाच्या नंतर बोलायचं, हे कुणी शिकवत नाही. चार-शून्यनं हरलात तर काही शिकायची गरजच नसते. माणसं गप घरी जातात, जेवतात, झोपतात. निसटत्या पराभवाला मात्र रात्रीचे साडेअकरा वाजतात.

आधी तुमचा संघ कुठला ते ठरवून घ्या. “मला आपला चांगला खेळ बघायला आवडतो, कुणी का जिंकेना” हे वाक्य पुण्यातच ठेवून यायचं. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण, फुलेवाडी. यातला तुमचा कुठला हे तुमच्या खोलीच्या पत्त्यावरून ठरलेलं असतं. घरमालकाला विचारा. जावयांनी सासऱ्यांना विचारू नये. त्यांनी ते लग्नाच्या बोलणीतच धरलेलं असतं.

यातले बरेच संघ तालमींचे आहेत. म्हणजे आत लाल मातीचा आखाडा, कोनाड्यात मारुती आणि कपाटात फुटबॉलचे चषक. वाद लांबण्याचं मूळ मला इथंच दिसतं. कुस्तीत पाठ मातीला लागली की विषय संपला, हरला कोण हे सगळ्या मैदानानं बघितलेलं असतं. फुटबॉलमध्ये अकरा जणांपैकी नेमकी कुणाची पाठ लागली हे ठरवायचं राहून जातं, आणि ते ठरवायला माणसं जमतात.

बसायची जागा

प्लास्टिकच्या खुर्च्या ज्येष्ठांच्या. त्यात आबा असतात, ज्यांनी राजघराण्याच्या आश्रयानं वाढलेला इथला फुटबॉल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय, निदान तसं सगळे धरून चालतात. पायऱ्या माजी खेळाडूंच्या. यांची ओळख सोपी आहे, गुडघ्यावर हात ठेवून बसतात आणि “आमच्या वेळंला” नं सुरुवात करतात. गाडीला टेकून उभं राहायचं ते चालू पिढीनं. तुम्ही टेकायचं नाही, कारण गाडी तुमची नाही. पहिला महिनाभर चहा आणायला जाणाऱ्या पोराबरोबर जा. चहा आणणाऱ्याला मधेच बोलायचा हक्क मिळतो, कारण कप देताना लोक क्षणभर थांबतात.

रेफ्रीपासून सुरू करा

पहिली दहा मिनिटं रेफ्रीची. इथं नवशिक्याला धोका नाही, सगळ्यांचं एकमत असतं. “लाईनमन झोपला हुता काय?” हे वाक्य कुठल्याही मॅचला लागू पडतं. फक्त ऑफसाईडचा नियम समजावून सांगायला जाऊ नका. पास सुटतो त्या क्षणी खेळाडू कुठं होता ते बघायचं, पास पोचल्यावर नाही; शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्या पुढं आणि बॉलच्याही पुढं असला तरच ऑफसाईड. हे तुम्हाला येत असेल तर मनात ठेवा. कट्ट्यावर हे सगळ्यांना येतं, पण आज त्याचा उपयोग नाही.

ऑफसाईडवरून कुणीतरी अर्जेंटिना काढणारच. 22 नोव्हेंबर 2022, कतार, सौदी अरेबिया. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाईड म्हणून रद्द झाले, मॅच 2–1 नं गेली आणि त्याच संघानं 18 डिसेंबरला वर्ल्डकप उचलला. हरलेल्या संध्याकाळी यापेक्षा गुणकारी उदाहरण नाही. पण ते देण्याआधी मान वर करून गल्लीतल्या भिंती बघा. वर्ल्डकपला इथं अर्धी पेठ पिवळी होते आणि अर्धी निळी-पांढरी, आणि रंग पुढची चार वर्षं कुणी पुसत नाही. तुम्ही पिवळ्या भिंतीखाली उभे असाल तर मेस्सीचं नाव घेतल्याबरोबर विषय ब्राझीलकडं जाईल, मग कुणीतरी जर्मनीचा 7–1 काढेल, आणि आपल्या तालमीचा पराभव बाजूला राहून 2014 ची भांडणं सुरू होतील. काही अनुभवी माणसं हे मुद्दाम करतात. आपल्या भाच्याचा पास चुकलेला असला की मामा हटकून जर्मनी काढतात.

उणिवा

आता मुख्य काम. उणिवा ठरलेल्या आहेत, फक्त क्रम बदलतो. फिनिशिंग न्हाई. मधल्या फळीत खिंडार. विंगनं बॉल आत घालायला उशीर केला. दुसऱ्या हाफला दम संपला. बदली खेळाडू उशिरा उतरवला. आणि लवकर उतरवला असता तर जमलेला खेळ मोडला. यातलं कुठलंही एक उचला आणि शेवटी “की” लावा: “दम न्हाई राहिला की.” आकडे टाळा. चार-तीन-तीन, चार-चार-दोन असं बोललात तर लोक तुमच्याकडं, रात्री जागून युरोपातल्या मॅचेस बघणारा पोरगा म्हणून बघतील. ते खोटं नसेलही, पण सल्ला मागणार नाहीत.

उद्याचा पेपर आज रात्रीच पाठ करून ठेवता येतो. “शॉर्ट पासिंगचा सुरेख खेळ”, “मिळालेल्या संधींचे गोलमध्ये रूपांतर करण्यात अपयश”, “एकमेव गोलने निसटता विजय”. संघांची नावं तेवढी घालायची. सकाळी पेपर आला की लोक हीच वाक्यं मोठ्यानं वाचतात आणि “पेपरवाल्याला काय कळतंय” म्हणत तीच परत बोलतात.

परदेशी खेळाडूचा विषय नाजूक आहे. कोल्हापूरच्या मैदानावर नायजेरियाची, आफ्रिकेतल्या इतर देशांची पोरं खेळतात, पेठेत खोली घेऊन राहतात, मिसळीला कट वाढवून मागतात. संघात फॉरेनर नसला तर म्हणायचं, “एक फॉरेनर पाहिजे हुता.” असला तर म्हणायचं, “त्याच्या जिवावर किती दिवस खेळणार? आपली पोरं तयार करा.” दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच रात्री बोलू शकतो. त्याला अडवू नका, दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. आपली पोरं तयार होतात हेही खरं आहे. 2017 साली भारतात 17 वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप झाला, तेव्हा देशाच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. हे नाव निघालं की कट्टा अर्धा मिनिट ताठ बसतो. मग कुणीतरी विचारतं, आपल्या तालमीतनं का नाही कुणी? ते उत्तर ऐकायला थांबू नका, त्यात रात्रीचे दोन वाजतात.

कीपरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कोल्हापुरात सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच चौकटीत माणूस एकटा उभा, अख्खी मॅच चार चांगले बॉल अडवणार आणि पाचवा सुटला की “त्याला उंची न्हाई.” उंची मॅचच्या आधीही तेवढीच होती. नवशिक्यानं कीपरवर बोलू नये. ज्यांनी त्याला लहानपणी पिशव्या पायाला बांधून गल्लीत खेळताना बघितलंय त्यांचा तो अधिकार.

आणि पेनल्टी हुकलेली असेल तर मग काही बघायलाच नको. बारा यार्ड, समोर कीपर, मागं स्टेडियम भरलेलं. ती कोण मारणार आणि तो घालवणार, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला आधी माहीत होतं. “मी तवाच म्हणलो हुतो” असं निदान चौघं तरी सांगतील. तेव्हा कुणाला म्हणाला होतात, असं विचारायचं नाही. हा नियम मोडणाऱ्या एका जावयाची सासुरवाडी आजही त्याला जेवताना दुसऱ्यांदा भात विचारत नाही, असं म्हणतात.

पेनल्टीवर शेवटचा शब्द आबांचा. ते 1948 मध्ये जातात. लंडन ऑलिंपिक, भारत विरुद्ध फ्रान्स. आपली बरीचशी पोरं अनवाणी, गोऱ्यांच्या पायात बूट. रामननं बरोबरीचा गोल केला. दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही गेल्या. त्यातली एक शैलेन मन्नांसारख्या भरवशाच्या माणसाची. फ्रान्सनं अगदी शेवटी गोल घातला, 2–1. हिशेब केला तर त्या साली आबा पाळण्यात होते, पण बॉल कसा गेला ते हातानं दाखवतात. हिशेब करू नका. मुद्दा त्यांचा खरा आहे, की मन्ना चुकतो तिथं आपला पोरगा कोण.

काय बोलायचं नाही तेही सांगून ठेवतो. समोरचा संघ चांगला खेळला, हे खरं असलं तरी तोंडातनं काढायचं नाही. “त्यांचं नशीब” इथपर्यंत चालतं. “खेळात हारजीत चालायचीच” हे वाक्य बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांसाठी राखीव आहे. दुसऱ्या पेठेतल्या मित्राचं स्टेटस बघायचं नाही, आणि बघितलं तर दाखवायचं नाही. कुणी दगडाची भाषा केली तर तिथनं सरळ गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्यायचं आणि झोपायचं. दगड मारणारा पळून जातो, निस्तरावं लागतं मैदानात उतरणाऱ्या पोरांना.

खेळाडू आला तर

हा भाग नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल. टीव्हीवर मेस्सीला शिव्या घातल्या तर तो ऐकायला येत नाही. इथं ज्यानं पेनल्टी घालवली तो तीन घरं पलीकडं राहतो. पावणेदहाच्या सुमाराला त्याच्या आईनं त्याला दुधाची पिशवी आणायला धाडलेलं असतं, आणि दुकान कट्ट्याच्या पलीकडं आहे. दुसरा रस्ता असतो, पण त्या रस्त्यानं गेला तर उद्या लोक म्हणणार तोंड लपवून गेला. म्हणून तो येतो. पायात स्लीपर, डाव्या घोट्याला क्रेप बँडेज, नजर मोबाईलमध्ये.

यावेळी कट्ट्यावर जे घडतं ते शिकवून येत नाही, बघून येतं. “त्याला संघातनं काढा” असं म्हणत असलेला माणूस श्वास न घेता “…आणि टोमॅटोचा दर बघितलास काय” असं पूर्ण करतो. आबा विचारतात, “काय रं, जेवलास?” त्यानं “व्हय” म्हटलं तर आणि “न्हाई” म्हटलं तर, दोन्हीला उत्तर एकच, “बस की.” तुम्ही फक्त सरकून जागा करायची. पाय कसा आहे एवढंच विचारायचं, गोलपोस्टचं नाव काढायचं नाही.

कधी कधी तो बसतो. बसला की दोन मिनिटांनी स्वतःच सुरू करतो, आणि इथं नवशिक्यांची फसगत होते. “माझंच चुकलं. उजवीकडं मारायचा हुता, कीपर हलला म्हणून मन बदललं.” मग तो सगळं सांगतो: शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी करून चार तास झोपलो, पहिल्या हाफलाच पोटऱ्या धरल्या, बॅकला ओरडून सांगायला पाहिजे हुतं. दोन तास पंचवीस माणसांनी शोधलेल्या उणिवा तो पाच मिनिटांत ओळीनं मांडतो, आणि त्या बरोबर असतात. तुम्ही मान हलवायची नाही. तो स्वतःला जे बोलतो त्याला कट्ट्यानं विरोधच करायचा असतो. “आरं काय बोलतोयस, लाईनमन झोपला हुता!” असं मागनं कुणीतरी म्हणेल. त्याच्यात सामील व्हा. चर्चा परत रेफ्रीवर आली म्हणजे सगळं जागेवर आलं असं समजायचं.

उठताना तो विचारेल, “उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर पेनल्टी मारायला जाणाराय. कीपरला उभं राहायला कोण येतंय?”

याची तयारी आधीच करून ठेवा. गुडघा हे कारण माजी खेळाडूंनी घेतलेलं असतं. बीपी आबांचं. मामांना पहाटे जोतिबाला जायचं असतं, गेले कित्येक महिने. भाच्याचा क्लास. नवशिक्याला उरतं ते एकच, पण भक्कम: दक्षिण अमेरिकेतल्या क्वालिफायर मॅचेस आपल्याकडं पहाटे लागतात. “उद्या पहाटे ब्राझील आहे भावा” म्हटलं की तोही मान डोलावतो, कारण ब्राझील असेल तर तोही सहाला जाणार नसतो.