सर्व्हरबुवा

प्रत्येक कचेरीत एक सर्व्हरबुवा असतात. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. मुक्काम जिन्याखालच्या एसी खोलीत, त्यामुळे ऐन मे महिन्यात अंगात स्वेटर. नवा शिपाई त्यांना आठवडाभर आजारीच समजतो.

आमच्या बुवांनी एक दिवस जाहीर केलं, "यापुढे ब्राउझर उघडला की पासवर्डची चौकट येणार नाही. सकाळी मशीन चालू करताना एकदाच काय तो पासवर्ड." त्या चौकटीला सगळेच विटले होते. नुसता क्रिकेटचा स्कोअर बघायचा म्हटलं तरी स्क्विड नावाचा प्रॉक्सी दारात आडवा यायचा. टाळ्या पडल्या. बुवांच्या वाट्याला तेवढ्याच.

"केरबेरॉस बसवायचं," बुवा म्हणाले. हे नाव निघालं की ते कीर्तनालाच उभे राहतात. एमआयटीत १९८३ साली अथेना प्रकल्प सुरू झाला, त्यातून हे निघालं. ग्रीकांच्या पाताळाच्या दारात तीन तोंडांचा कुत्रा असतो, त्याचं हे नाव. "आपल्या दत्ताला तोंडं तीन आणि कुत्रे चार. त्यांनी कुत्र्यालाच तीन तोंडं दिली, खर्च वाचवला." हसलो नाही तर पुन्हा सांगतात, म्हणून आम्ही हसतो.

"लोकलचा पास समजा. खिडकीवर एकदा ओळख पटवली की दहा तास नुसता पास दाखवायचा. पासवर्ड तारेवरून फिरतच नाही."

पास मात्र कुणालाच मिळेना. आमच्या ब्राउझरांत प्रॉक्सीचा नुसता आयपी नंबर भरलेला होता. बुवा उखडले. "नंबरानं हाक मारायला हा तुरुंग आहे का? पास नावावर निघतो. पूर्ण नाव घाला, बापाच्या नावा-आडनावासकट!" पूर्ण नावं घालून झाली, तर कळलं की तेच नाव डोमेनमध्ये दोन खात्यांवर चढलंय. सातबाऱ्यावर एकाच तुकड्याला दोन मालक! बुवांनी जुनं नाव कमी केलं. तलाठ्याला याला वर्ष लागलं असतं, हे मात्र मान्य करायला हवं.

मधेच साहेबांनी लॉग उघडला. "अहो, हे चारशे सात, चारशे सात काय आहे? कलम लागलंय का आपल्यावर?"

"नाही साहेब. ब्राउझर आधी तसाच येतो, प्रॉक्सी म्हणतो 'ओळख दाखव', मग तो पास काढतो. ते ४०७ म्हणजे नुसतं 'कोण आहे?' विचारणं."

साहेबांनी कलम लागल्याच्याच चेहऱ्यानं लॉग मिटला.

एवढं होऊनही आत कुणी जाईना. बुवा दोन रात्री खोलीतच झोपले. तिसऱ्या सकाळी घोटाळा सापडला. केरबेरॉसला घड्याळांतला फरक चालतो तो पाच मिनिटांचा. (आमच्या कचेरीत मीटिंगला यापेक्षा मोठी सूट आहे.) प्रॉक्सीच्या पडद्यावर साडेदहा, भिंतीवरही साडेदहा, पण त्याला वेळेचा पट्टा दिलेला ग्रीनिचचा! म्हणजे मुंबईचे साडेदहा तो लंडनचे समजत होता, आणि आपल्या हिशेबानं त्याच्याकडे दुपारचे चार वाजून गार झालेले. दिवसभर प्रत्येकाचा पास हातात घेऊन हा गृहस्थ म्हणत होता, "शिळा आहे."

ती वेळ हातानं कुणी लावली होती, याचा तपास बुवांनी का कोण जाणे केला नाही.

दुपारपासून सगळं सुरळीत चालू झालं. चौकट येईनाशी झाली आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. चार वाजता अकाउंट्समधल्या बाईंनी दारातून मान आत घालून विचारलं, "बुवा, आज नेट स्लो आहे का हो?"

संध्याकाळी मी खोलीत डोकावलो. सगळी यंत्रं सेकंदाला सेकंद जुळलेली. बुवा पिशवी आवरत होते. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"बुवा, तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

"असू दे," स्वेटर काढत ते म्हणाले, "सहा बाराची पकडायची असते."