नानांची कोळीण

नाना मूळचे चिपळूणचे, गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला. नोकरी सॉफ्टवेअरची, पण पिंड वकिलाचा. ज्याच्या वाट्याला टाळ्या आल्या नाहीत, अशा प्रत्येकाचं वकीलपत्र नानांनी कुणी न मागता घेतलेलं आहे. हापूसचा विषय निघाला की ते रायवळची बाजू मांडतात. गणपतीत मोदकांवर सगळे तुटून पडले की हे निवगऱ्यांसाठी हळहळतात. आणि 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचं कुणी नाव काढलं, तर संपलंच. "गावसकरच्या 774 शेंबड्या पोरालाही पाठ. सरदेसाईच्या 642 कुणाला आठवतात? सांग ना!" आपण काय सांगणार? आपण चिवडा खातो.

असा माणूस कुत्रा पाळणं शक्यच नव्हतं. नानांनी कोळी पाळला. नीट सांगायचं तर टॅरँट्युला, तीही मादी. "घरी कोळीण ठेवली आहे," हे वाक्य त्यांनी कोल्हापूरला सासूबाईंना फोनवर ऐकवलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणतात.

कोळी पाळण्याचा छंद असणारे अमेरिकेत बरेच आहेत. त्यांच्यात सगळ्यांचा जीव 'निळी गुत्ती' नावाच्या कोळ्यावर. ती गुत्ती म्हणजे आपल्या सरदार मुरारराव घोरपड्यांचीच, आंध्रातली. तिथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या या निळ्या कोळ्याची शास्त्रात नोंद झाली 1899 मध्ये. पुढे शंभरेक वर्षं पत्ताच नाही. 2001 मध्ये तिथून शंभर किलोमीटरवरच्या जंगलात तो पुन्हा दिसला. "रंग निळा, यापलीकडे कर्तृत्व काय?" नाना विचारतात. खुद्द घोरपड्यांना विचारावं, अशा आवाजात.

नानांची अशील वेगळी. त्रिनिदाद शेव्हरॉन. रंग शेवाळलेल्या भिंतीचा, पायांच्या टोकांशी नारिंगी पट्टा, आणि पोटाच्या वरच्या अंगाला काळसर व्ही, एकाखाली एक, हवालदाराच्या बाहीवरच्या फितींसारखे. पाय पसरले तर सहा-सात इंच. राहणार झाडावर, सालीच्या खबदाडीत, रेशमी अस्तर लावून. "आणि गाव त्रिनिदाद," नाना बोट वर करतात. "सरदेसाईनं 112 काढल्या ते!"

"गावसकरची पहिली कसोटीही तिथेच ना?" मी एकदाच विचारलं. त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

कोळीण दाखवण्याचा सोहळा रात्री नऊनंतर. दिवे मालवायचे, तांबडी बॅटरी लावायची, श्वास रोखायचा. समोर काचेची उभी पेटी. तिच्यात बुचाच्या झाडाची एक पोकळ साल, पाण्याची वाटी आणि एक झुरळ. झुरळसुद्धा विकत आणलेलं! पंधरा मिनिटं आपण साल बघतो. मग काहीतरी हललं असं वाटतं, आणि झुरळ नसतं. "बघितलंस?" नाना भारावून विचारतात. आपण हो म्हणतो. एडिसनमधली निम्मी मराठी मंडळी नानांकडे बूच बघून आली आहेत.

हिला कुणी का विचारत नाही, याचं उत्तर इथेच आहे. एक तर दिसत नाही. दिसली तर थांबत नाही. अमेरिका खंडातले पुष्कळ टॅरँट्युला चिडले की पोटावरचे खाजरे केस उडवतात; हिच्याकडे ते नाहीत. त्यामुळे तिला दोनच गोष्टी येतात, पळणं आणि चावणं. पिल्लं मात्र भराभर वाढतात आणि एका अंडकोशातून शंभराच्या वर निघतात. म्हणून स्वस्त. आणि स्वस्त वस्तूला पाहुण्यांसमोर कोण मांडतं?

चावण्याचा उल्लेख केला की नाना दुखावत नाहीत, उलट खुलतात. "2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शास्त्रज्ञांनी हिच्या विषातून तीन घटक वेगळे काढले. मिरची खाल्ल्यावर शरीरातला जो ग्राहक पेटतो ना, तोच ते पेटवतात! त्या ग्राहकावरच्या कामाला 2021 चं नोबेल मिळालं, ज्युलियस यांना. आणि हिच्याच विषातला आणखी एक घटक उंदरांच्या वेदना कमी करतो. जाळणारी हीच, निववणारीही हीच!"

"माझ्या ठेच्याला कुणी नोबेल दिलं नाही," आतून वहिनी म्हणाल्या. अन्याय झालेल्या माणसाकडे नानांचं लक्ष गेलं नाही, असा मी पाहिलेला हा एकमेव प्रसंग.

वास्तविक नानांच्या घरात दखल घेण्यासारखं कुणी असेल तर त्या वहिनीच. पेटी बदलण्याच्या दिवशी कोळीण चिमट्याला हुलकावणी देऊन नानांच्या हातावरून खांद्यावर आणि खांद्यावरून पडद्यावर गेली. किती वेळात? मी शिंक आवरली तेवढ्यात. नाना पुतळा झाले. वहिनींनी श्रीखंडाचा रिकामा डबा तिच्यावर उपडा घातला, खालून कुणाचीतरी लग्नपत्रिका सरकवली आणि सगळं पेटीत रिकामं करून त्या कणीक मळायला गेल्या. नाना नंतर आठवडाभर सगळ्यांना कोळिणीचा वेग सांगत होते. वहिनींचा वेग कुणी सांगितला नाही.

यंदा कोळिणीला दीडशेच्या आसपास पिल्लं झाली. नानांनी ती एकेका झाकणाच्या डबीत भरली आणि संक्रांतीला वाण म्हणून लुटू या, असं सुचवलं. वहिनींनी नुसतं पाहिलं. शेवटी नानांनी ती ओळखीपाळखीत फुकट वाटायला काढली. शेजारचा चौदा वर्षांचा मुलगा एक घेऊन गेला, आणि पंधरा दिवसांनी दारात येऊन म्हणाला, "काका, ही त्या निळ्यापेक्षा भारी आहे. माझ्या सगळ्या मित्रांना हवीय."

नानांनी ज्या दिवसाची इतकी वर्षं वाट पाहिली, तो हा. मला वाटलं, पेढे वाटतील. ते खुर्चीत बसले. रात्री मला फोन. "अरे, हिचं आता सगळीकडे नाव होणार असं दिसतं. ठीक आहे. पण दक्षिण अमेरिकेत टॅपिनॉकेनियस म्हणून एक झाडावरचा कोळी आहे, बघ. नुसता मातकट. त्याला कुणी म्हणजे कुणीच विचारत नाही!"

एक डबी माझ्याही फडताळात आहे. चार महिन्यांत कोळीण मला तीनदा दिसली, आणि तिन्ही वेळा मी तिथेच उभा राहिलो. नानांना हे कळवलेलं नाही. ते विचारतात, "कशी आहे?" मी म्हणतो, "आहे आपली. काय त्यात विशेष!" मग ते तासभर तिची बाजू लढवतात, आणि कोळीण त्यांच्या घरात टिकते.

तुम्ही एडिसनला गेलात तर नानांकडे जरूर जा. बूच बघा, ठेचा खा, ठेच्याची तोंडभर तारीफ करा. कोळिणीची मात्र चुकूनही करू नका.