कुमारवयीनांच्या वाढदिवसाचे पाकीट : निश्चिती व प्रदान

तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना वाढदिवसाला वस्तू देण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतून जवळजवळ उठली आहे. कपड्यांचे माप दर चार महिन्यांनी बदलते, पुस्तक दिले तर मुलाचे तोंड बघवत नाही, आणि त्याला जे खरोखर हवे असते त्याची किंमत ऐकून देणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. उरते पाकीट. त्यात किती घालावे हा प्रश्न वरवर मुलाच्या गरजेचा किंवा देणाऱ्याच्या ऐपतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो दोन घरांतल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या हिशेबाचा असतो. मुलगा त्यात टपालखात्याचे काम करतो.

निश्चितीची सुरुवात मागील नोंदीपासून होते. लग्नमुंजीच्या आहेराची वही घरोघर असते, वाढदिवसाची नसते. ती गृहिणीच्या डोक्यात असते आणि कागदावरच्या वहीपेक्षा पक्की असते. ‘आपल्या बंड्याला त्यांनी काय दिलं होतं?’ एवढे विचारले की रक्कम, साल, पाकिटाचा रंग आणि ‘वरचं नाणं नीट चिकटवलं नव्हतं, पिशवीत सापडलं’ हा तपशील एका दमात मिळतो. आलेल्या रकमेपेक्षा कमी देता येत नाही. फार जास्त दिले तर समोरच्याला पुढच्या खेपेस तेवढे काढावे लागतात, आणि ते त्या घरात बरेच दिवस बोलले जाते. शिवाय रक्कम एकदा चढली की उतरत नाही. गेल्या वर्षी ५०१ देणाऱ्याने यंदा २५१ दिले, तर आधी त्याच्या तब्येतीची आणि मग नोकरीची चौकशी होते.

यानंतर नाते पाहावे. मामाचा दर सर्वांत चढा. जावळाला भाच्याला मांडीवर घ्यायचे ते मामाने, लग्नात भाचीच्या पाठीशी उभे राहायचे ते मामाने. सबब पाकिटातही तो पुढे असावा अशी अपेक्षा असते. काकाचे प्रकरण नाजूक. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावे अजून एकत्र असतील, तर काकाची कोणतीही रक्कम निरपेक्षपणे वाचली जात नाही. ५०१ दिले तर ‘बोळवण केली’, २,००१ दिले तर ‘कुठेतरी सही हवी असणार’. आत्याचे पाकीट भावजय मोजते, त्यामुळे आत्या हात आखडता घेत नाही. मावशीचे सोपे असते. दोघी बहिणी आदल्या रात्री फोनवर देण्याघेण्याची वजाबाकी करून मोकळ्या होतात. आजी या सगळ्या रचनेच्या बाहेर आहे. बाकीचे तारखेने देतात, ती तिथीने देते, तिचा दर वर्षानुवर्षे बदललेला नसतो, आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

रकमेच्या शेवटी १ हवाच. शून्यावर रक्कम संपली की व्यवहार संपला, एकाने तो पुढे चालू राहतो, अशी समजूत आहे. १०१, २५१, ५०१ आणि १,००१ हे रुळलेले आकडे. मधले चालत नाहीत. ३५१ याचा अर्थ ५०१ द्यायचे होते पण धीर झाला नाही, असा काढला जातो. १०१ आता सोसायटीतल्या शेजाऱ्यांपुरते उरले आहेत. शहरात ५०१ हा पाया धरावा, कारण चलनाचीच तशी व्यवस्था आहे. १,००० ची नोट ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री बाद झाली. पाठोपाठ आलेली २,००० ची नोट चलनातून काढून घेत असल्याचे रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये जाहीर केले. मधली वर्षे देणाऱ्यांना कठीण गेली. ती गुलाबी नोट भाच्याला द्यावी तर जीव वर-खाली होई आणि सुटी करायला दुकानदार तयार नसे. आता पाचशेच्या वर जायचे ते पाचशेच्याच नोटांनी. नोट कोरी असावी. एटीएमच्या भरवशावर राहू नये. जाणत्या घरांत साड्यांच्या घडीखाली कोऱ्या नोटांचा साठा असतो, आणि त्यातली नोट वाण्याकडे मोडणाऱ्या पुरुषाला माफी नसते.

वयानुसार वाढ द्यावी लागते, पण दरवर्षी नव्हे. तेराव्या वर्षी मुलाला आकड्याची फिकीर नसते. पंधराव्या वर्षी तो पाकीट हातात घेताच नोटा किती ते बोटांनी ओळखतो. सतराव्या वर्षी गेल्या वर्षीची रक्कम त्याच्याही लक्षात असते. वाढीचे मान्य टप्पे दोन, दहावी आणि बारावी. वाढदिवस मे-जूनमध्ये, म्हणजे निकालाच्या तोंडावर आला, तर दोन्हींचे मिळून एकच पाकीट देण्याचा मोह होतो. तो आवरावा. मुलाची आई ते पाकीट निकालाचे धरते आणि वाढदिवसाची जागा रिकामी ठेवते.

अंदाजपत्रकात हमखास राहून जाणारी बाब म्हणजे धाकटे भावंड. थोरल्याला पाकीट मिळताना ते दाराच्या चौकटीला टेकून उभे असते, काही मागत नाही, नुसते पाहते. त्याच्यासाठी ५१ किंवा १०१ वेगळे खिशात ठेवावेत. न ठेवल्यास ऐन वेळी खिशातल्या पाकिटातून सुटे काढण्याची नामुष्की येते आणि शंभरची नोट नसल्याने पाचशेची जाते.

प्रदानाचा क्रम काटेकोर आहे. औक्षण, केक, नमस्कार, मग पाकीट. मुलगा वाकण्याआधी पाकीट दिसले तर नमस्कार विकत घेतल्यासारखा होतो. वाकून उठल्यावरही दिसले नाही तर तो क्षणभर तिथेच घुटमळतो आणि सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते. पाकीट पुढे होताच मुलाची आई ‘अहो भावोजी, कशाला उगाच?’ म्हणते. भावोजींनी ‘तुम्हाला कुठे देतोय, त्याच्या खाऊला आहेत’ असे म्हणावे, खाऊ घेणाऱ्याला मिसरूड फुटलेले असले तरी. हे दोनदा होते. मग ‘घे, काका देतायत ना’ असा निर्णय मिळतो. पाकीट सर्वांसमोर उघडणे शिष्टसंमत नाही. मुलगा पाणी प्यायच्या निमित्ताने आत जातो. आतून ‘थँक यू काका’ केवढ्याने ऐकू येते, त्यावरून रक्कम बरोबर ठरली की नाही ते कळते.

रकमेचा ताबा पंधराव्या वर्षापर्यंत आईकडे जातो, ‘ठेवायला’. ठेवलेली रक्कम परत मिळाल्याची उदाहरणे विरळा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः उघडून चालवू देण्याची मुभा बँकांना दिली आहे, पण ही बातमी घरात मोठ्याने वाचली जात नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने मामा, मावशी, काका, आत्या हे नातेवाईक गणले जातात आणि त्यांनी दिलेली भेट कितीही मोठी असली तरी करमुक्त असते. ही सवलत मामा लोक पुरेपूर वापरत नाहीत. शेजारचे जोशीकाका मात्र कायद्याच्या लेखी काका नव्हेत. नात्याबाहेरून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांच्या वर भेटी आल्या तर त्या करपात्र ठरतात. जोशीकाकांच्या १०१ च्या गतीने ही मर्यादा ओलांडली जाण्याची भीती नाही.

यूपीआयने रक्कम पाठवल्यास नाणे चिकटवावे लागत नाही, ५०१ टाइप केले की झाले. परंतु आई मधून वगळली जाते, आणि ती हे विसरत नाही. शिवाय पाकीट उघडेपर्यंत देणाऱ्याला निसटायला जो अवधी मिळत असे तो राहत नाही. पाठवतानाच मुलाला स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न टाकण्याची ताकीद द्यावी. एका मामाचा दर उघड झाला की उरलेल्या तिघांची पंचाईत होते.

एकोणिसावे वर्ष सरले म्हणून पाकीट थांबत नाही. शिक्षण चालू तोवर ते चालू राहते. पहिल्या पगाराचे पेढे आले की बंद झाले असे समजावे. त्यानंतर भाचा मामाच्या मुलांना देणे लागतो. त्याचा आरंभीचा दर मामी सांगते, आणि तो ‘आपण त्याला शेवटचे १,००१ दिले होते’ या वाक्याने सुरू होतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्याने पहिल्या वर्षी ५०१ दिले तरी चालवून घेतात. दुसऱ्या वर्षी नाही.