काना, मात्रा आणि बदली

एका अक्षराची किंमत पुण्याला कोणी शिकवायला नको. 'ध'चा 'मा' झाला आणि शनिवारवाड्यात काय घडलं, ही १७७३ सालची गोष्ट दंतकथा असेल किंवा नसेल. पण तेव्हापासून इथला माणूस कागद हातात आला की आधी अक्षर तपासतो, मग मजकूर. त्यामुळं शहराच्या बससेवेच्या, म्हणजे पीएमपीच्या, कागदावर जे चाललंय, ते पुणेकरांच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही. प्रवासी दरवेळी अर्जात लिहितो, 'कारभारात बदल हवा.' अर्ज मंत्रालयात पोचेपर्यंत त्या शब्दाला कुठंतरी वेलांटी लागते आणि तिकडून उत्तर येतं : बदली.

२०२३ च्या जुलैत पीएमपीच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या खुर्चीवरून ओमप्रकाश बकोरिया गेले, सचिंद्र प्रताप सिंह आले. दिवाळीचा फराळ व्हायच्या आत सिंह गेले, संजय कोलते आले. पुढच्या जुलैत कोलते गेले, दीपा मुधोळ-मुंडे आल्या. आणखी एक उन्हाळा आला, त्याही गेल्या आणि पंकज देवरे आले. यातल्या कोणाबद्दलही आमची तक्रार नाही. तक्रार करायला आधी ओळख व्हावी लागते, आणि तेवढी सवड सरकारनं आम्हांला दिलेली नाही. पीएमपीत नेमानं धावणारी एकच फेरी आहे, स्वारगेट ते मंत्रालय. ती मात्र कधीही वेळेच्या नंतर सुटत नाही. सुटते ती आधीच.

आधी म्हणजे किती आधी, यालाही कायदा आहे. महाराष्ट्रानं तो २००५ साली केला. त्याचं नाव एका दमात वाचणाऱ्याला पीएमपीनं मोफत पास द्यावा : 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम'. बदल्या आणि विलंब यांना एकाच कायद्यात शेजारी बसवणारा तो मसुदाकार नक्की कधीतरी डेक्कनच्या थांब्यावर उभा राहिलेला असणार. एका पदावर साधारण तीन वर्षं, असं हा कायदा म्हणतो, आणि त्यात आयएएस अधिकारीही आले. त्याआधी हलवायचं तर अपवादात्मक परिस्थिती हवी आणि कारणं लेखी हवीत. आता परिस्थिती अपवादात्मक असणं ही आपल्याकडं रोजचीच गोष्ट. त्यामुळं कायदाही मोडत नाही आणि खुर्चीही तापत नाही.

याच खुर्चीवर तुकाराम मुंढे २०१७ च्या मार्चअखेर आले आणि पुढच्या फेब्रुवारीत नाशिकला गेले. म्हणजे जेमतेम अकरा महिने. यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली, राजकारण शोधलं गेलं. खरं तर ज्या शहरात निम्मे लोक घरमालक आणि उरलेले भाडेकरू, तिथं हे कोडं पडायलाच नको होतं. आपण घर भाड्यानं देतो तेव्हा करार किती महिन्यांचा करतो? अकराच. बारावा लागला तर माणूस कायमचा बसेल ही भीती! सरकारनं पुण्याचीच रीत पाळली.

नव्या साहेबांचं आगमन हा आता जवळपास सणच झाला आहे. पहिल्या आठवड्यात पुष्पगुच्छ. दुसऱ्या आठवड्यात आढावा. तिसऱ्यात साहेब साध्या कपड्यांत बसमधून प्रवास करतात आणि छायाचित्रकारही योगायोगानं त्याच बसमध्ये असतो. चौथ्यात निवेदन निघतं, 'प्रवासी हाच केंद्रबिंदू'. यानंतर साहेब खरोखर अभ्यासाला लागतात. मार्ग कोणता तोट्यात, आगारात गाडी का अडकते, कोणता ठेकेदार काय करतो, हे सगळं कळायला प्रामाणिक माणसालाही सहा-आठ महिने लागतात. कळतं, फाइल तयार होते, आणि दारात दुसरा पुष्पगुच्छ येऊन उभा राहतो. पुष्पगुच्छ एकाच दुकानातून येत असावेत. त्या दुकानाला पीएमपीचा सगळ्यात स्थिर ठेकेदार म्हणायला हरकत नाही.

हा झाला वेलांटीचा भाग. आता मात्रा.

पीएमपी नावाच्या या रोग्यावर मात्रा उगाळली गेली नाही असं कोणी म्हणू नये. पुण्याची पीएमटी १९५० पासून होती, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ पासून. दोन्ही आपापल्या परीनं तोट्यात होत्या. २००७ साली वैद्यांनी ठरवलं की दोन रोगी एकाच खाटेवर झोपवले की एक तरी बरा होईल. दोन्ही सेवा एकत्र करून त्यांची कंपनी झाली. नाव लांबलं, पण पुणेकर अजूनही 'पीएमटी आली का?' असंच विचारतात. त्याआधी २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर अशी देशातली पहिली बीआरटी आली. बसला वेगळी वाट मिळाली. दुचाकीवाल्यांनी लगेच तिची पाहणी केली आणि ती सोयीची असल्याचा निर्वाळा दिला. २०१२ च्या १ नोव्हेंबरला 'बस डे' साजरा झाला. त्या दिवशी शहरानं बसमधून प्रवास केला आणि दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारली. रोग्याला मात्रेचा एक दिवस पुरे, असं पुण्याचं मत पडलं.

कंपनी केली की कारभार व्यावसायिक होतो, अशी एक श्रद्धा आहे. कंपनीला भागधारक असतात, संचालक मंडळ असतं, जाब विचारणारं कोणीतरी असतं. पीएमपीलाही हे सगळं आहे. पुणे महापालिकेचे ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचे ४० टक्के, आणि तोटाही त्याच हिशेबानं. मंडळावर दोन्ही शहरांचे आयुक्त, दोन्ही महापौर, दोन्ही स्थायी समित्यांचे अध्यक्ष. मंडळी भारी. 'बारभाईची खेती, काय लागेल हाती' ही म्हण ज्या कारभारावरून पडली म्हणतात, तोही पुण्याचाच. पण त्या बारभाईंवर अन्याय नको. त्यांच्यापुढं निदान पेशव्याचं एक तान्हं पोर होतं आणि ते वाढवायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. आमच्या बारभाईंचं एकमत एवढंच, की पोर दुसऱ्याचं आहे.

मग २०२२ चा मार्च आला. दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका झाल्या त्या थेट २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं महापौर नाहीत, स्थायी समिती नाही, सभागृह नाही. होते ते प्रशासक, म्हणजे आयुक्तच. आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती या नात्यानं तो तपासायचा, सभागृह या नात्यानं त्यावर हरकत घ्यायची आणि शेवटी स्वतःचं समाधान करून मंजूर करायचा. स्वतःला कठीण प्रश्न विचारणारा माणूस आम्ही अद्याप पाहिलेला नाही. आरशापुढं उभे राहिलो तरी आपण केसच नीट करतो. पीएमपीच्या मंडळातल्या लोकप्रतिनिधींच्या खुर्च्या तेवढा काळ मोकळ्या होत्या. बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती आणि मंडळात बसायला माणूस नव्हता.

आता लोकप्रतिनिधी परत आले आहेत. स्वागत आहे. त्यांना कामाचं पहिलं गणित आम्ही सुचवतो. समजा, निगडीला जायला एक माणूस स्वारगेटला उभा आहे. तासभर झाला, बस नाही. हा तास कोणाचा? तोटा ६०:४० वाटायचा असेल तर तासही तसाच वाटायला हवा. म्हणजे ३६ मिनिटं पुणे महापालिकेची आणि २४ मिनिटं पिंपरी-चिंचवडची. पहिल्या ३६ मिनिटांत प्रवाशानं पुण्याच्या महापौरांना शिव्या द्याव्यात आणि घड्याळ पाहून पुढच्या २४ मिनिटांत त्याच शिव्या नदीपलीकडं वळवाव्यात. बस महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या, हद्दीतल्या गावातून यायची असेल तर उशिराला तिसरा वारस निघतो. अशा वेळी प्रवाशानं वकील बरोबर ठेवावा. उभं राहायला तेवढीच सोबत.

हे हसण्यावारी नेऊ नका. रोज सुमारे दहा लाख माणसं या सेवेवर आहेत. त्यांच्या तिकिटाचा हिशेब पैशापैशानं आहे, तोट्याचा हिशेब टक्क्यांनी आहे, ठेकेदाराच्या बिलाचा हिशेब किलोमीटरनं आहे. थांब्यावर गेलेल्या वेळाचा हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नाही. ठेकेदारांचे पैसे थकले तेव्हा, २०२३ च्या मार्चमध्ये, त्यांनी बस जागच्या जागी उभ्या केल्या आणि सगळी यंत्रणा धावत सुटली. प्रवाशाचा वेळ रोज थकतो. पण त्याला उभं करायला काही नाही, तो आधीच उभा असतो.

लंडनचं उदाहरण दिलं की आपल्याकडं 'तिकडचं वेगळं' असं म्हणण्याची पद्धत आहे, तरी देतो. तिथंही बस खासगी ठेकेदारच चालवतात. पण दाट फेऱ्यांच्या मार्गांवर तिथं एक गोष्ट मोजतात : प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा किती मिनिटं जादा थांबावं लागलं. ती मिनिटं कमी, तर ठेकेदाराला बक्षीस. जास्त, तर त्याच्या पैशाला कात्री. एवढंच. त्यासाठी प्रवासी केंद्रबिंदू असल्याचं निवेदन काढावं लागत नाही. केंद्रबिंदू असण्यात अडचण अशी, की सगळे त्याच्याभोवती फिरतात आणि जवळ कोणीच येत नाही. हे आपण भूमितीत शिकलोय.

आपल्याकडं मात्रा एकच लागू पडते, भाडेवाढीची. २०१४ नंतर ती झाली नव्हती. २०२५ च्या १ जूनपासून किमान तिकीट पाचाचं दहा झालं, चाळिसाचा दिवसाचा पास सत्तरला गेला आणि नऊशेचा महिन्याचा पास पंधराशेला. अकरा वर्षं भाडं वाढवलं नाही हा कोणाचा चांगुलपणा नव्हता. त्या मंडळींना मतं मागायची होती. किमान तिकीट एकदम दुप्पट केलं हाही कोणाचा कणखरपणा नव्हता. त्या दिवशी मतं मागायला जाणारं कोणीही खुर्चीवर नव्हतं. निवडणूक असते तेव्हा भाडं वाढत नाही, नसते तेव्हा एका रात्रीत वाढतं. यालाच उत्तरदायित्व म्हणत असतील तर त्याची किल्ली निवडणूक आयोगाकडं असावी.

भोसरीजवळ नाशिक रस्त्यावर केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, सीआयआरटी. १९६७ पासून देशभरच्या बससेवांमधली माणसं तिथं कारभार शिकायला येतात. देशाचं विद्यापीठ आमच्या अंगणात आणि आमचं पोर नापास, ही काही जगावेगळी गोष्ट नाही. शिक्षकाच्या घरी बहुधा असंच असतं. त्यामुळं उपाय सुचवायला तज्ज्ञ मिळत नाहीत असं नाही. उपाय सगळ्यांना पाठ आहेत. साहेबाला कायद्यातली तीन वर्षं द्या. थांब्यावरची जादा मिनिटं मार्गवार मोजा आणि दर महिन्याला आगाराच्या भिंतीवर लावा, साहेबांच्या केबिनबाहेरही लावा. ठेकेदाराचं बिल नुसत्या किलोमीटरवर नको, त्या मिनिटांवरही काढा. दोन्ही महापालिकांनी आपला वाटा वर्षाच्या सुरुवातीला द्यावा, ठेकेदारानं दम दिल्यावर नव्हे.

आणि एक सूचना आमची स्वतःची. बसमध्ये महिलांसाठी जागा राखीव असते, ज्येष्ठांसाठी असते, अपंगांसाठी असते. संचालक मंडळात एक जागा 'प्रवाशांसाठी राखीव' ठेवावी. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं दिसलं तर वाहकानं त्याला उठवावं, जसं बसमध्ये उठवतात तसं, म्हणजे फक्त तोंडानं. बैठकीला येताना सगळ्या संचालकांनी बसनंच यावं. कोणी उशिरा पोचलं तर विलंबाचं कारण लेखी द्यावं. एकदा का ती कारणं कागदावर यायला लागली, की सुधारणेचा अहवाल वेगळा लिहावा लागणार नाही. गणसंख्या पूर्ण होईल की नाही, एवढीच भीती आहे.

यावर एक जाणता वाहक काय म्हणेल ते आम्हांला माहीत आहे. तो म्हणेल, "साहेब, पुढं सरका." पीएमपीच्या कारभाराचं हेच सूत्र आहे. अधिकारी पुढं सरकतो, ठराव पुढं सरकतो, तोटा पुढच्या वर्षात सरकतो. जागचा हलत नाही तो थांब्यावरचा माणूस.

त्या माणसाचं मागणं फार मोठं नाही. 'बदली'ची वेलांटी काढून घ्या, ती मंत्रालयात पुन्हा उपयोगी पडेल. मात्रा तुमची तुम्हांला लखलाभ. राहिला काना. इतकी वर्षं त्याच्या नशिबी नुसती 'वाट' आली आहे. तिच्यापुढं एक काना द्या, की वाटा होईल. पुण्याचे साठ, पिंपरी-चिंचवडचे चाळीस. बेरीज शंभर होते आणि त्यात त्याच्यासाठी काही उरत नाही, हे त्यालाही समजतं. हिशेब पुन्हा मांडावा लागेल. मांडणारे साहेब कोणते, हे अंक छापून होईपर्यंत सांगता येत नाही.