मेण पसंत आहे, पण…

खरेदी खात्यातून निवृत्त झालेला माणूस ओळखायचा असेल तर आठवडी बाजारात त्याच्या पिशवीकडे बघावं. बाजार उठायला आलेला असतो आणि पिशवी रिकामीच असते. भाव त्याला सगळ्यांचे पाठ असतात. कुठल्या बाईची वांगी किडकी, कुणाचा तराजू बोटभर झुकतो, हेही तो सांगेल. फक्त वांगी घेतलेली नसतात. ‘अजून पलीकडची रांग बघायची राहिलीय.’

आमच्या दांडेली-जोयडा भागात हा माणूस जरा जास्तच आढळतो. इकडे कागदाची मिल, तिकडे वीजघर, मध्ये धरणाची कामं आणि लाकडाचे डेपो. या प्रत्येक ठिकाणी एक खुर्ची अशी असतेच, की तिच्यावर बसणारा काहीही मागितलं तरी ‘तीन कोटेशनं आणा’ एवढंच म्हणतो. त्या खुर्चीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला पुढे घरातला चहासुद्धा एकाच घरचा म्हणून संशयास्पद वाटतो.

आमचे काका त्याच खुर्चीतले. निवृत्तीनंतर दांडेलीचं क्वार्टर सोडून ते कुळगीला आले. अंबिकानगरच्या रस्त्याला, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या झाडीला लागून चार खोल्या बांधल्या आणि ‘होमस्टे’ची पाटी लावली. (पाटीचा हिरवा नेमका कुठला, यात एक पावसाळा गेला.) गणेशगुडीला राफ्टिंग करून भिजून आलेली बंगळूर-पुण्याची मंडळी रात्री राहतात, काकूंच्या हातची तांदळाची भाकरी खातात, सकाळी धनेश बघायला दुर्बिणी घेऊन उठतात. धनेश दिसला नाही तर त्याचीही तक्रार काकांकडेच करतात.

मेण या घरात शिरलं ते सुनेमुळे. पुण्याहून येताना तिने चिनीमातीचा एक बर्नर आणला आणि त्याबरोबर वासाच्या मेणवड्यांचं पाकीट. वॅक्स मेल्ट म्हणे. खाली पणतीएवढी मेणबत्ती, वरच्या वाटीत मेणाची वडी. वडी वितळते आणि खोलीभर वास सुटतो. वडीला वात नसते. मेण जळत नाही, नुसतं पातळ होतं. चार-सहा वेळा लावल्यावर वास उडून जातो आणि मेण जिथल्या तिथे राहतं. काकूंनी पाकिटावरची किंमत बघितली, मग वडी बघितली, मग परत किंमत बघितली. ‘एवढ्याशाला एवढे? आपण करू की घरी. पावण्यांना जाताना विकता येईल.’

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. काकूंनी एवढंच विचारलं नसतं, ‘अहो, मेण कुठलं आणायचं?’

काका चष्मा पुसत उठले. निवृत्तीच्या दिवसापासून या माणसाला कुणी ‘कुठलं आणायचं’ असं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली. वर ‘मेण (वासाचे)’, आत आडव्या-उभ्या रेघा: मालाचे नाव, वितळबिंदू, दर किलो, वास धरण्याची क्षमता, शेरा. याला खात्यात कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट म्हणतात आणि ते पूर्ण झाल्याशिवाय खात्यात सूर्य उगवत नाही.

पहिला नंबर पॅराफिनचा लागला. सगळ्यांत स्वस्त, म्हणजे नियमाप्रमाणे ‘एल-वन’. दांडेलीच्या दुकानात पांढऱ्या लाद्या मिळाल्या, पोत्यावर ५८-६० असा आकडा. आकडा बघून काका सुखावले. पॅराफिन वास भरपूर सोडतं, साच्यातून टणकन सुटतं, दिसायलाही स्वच्छ. आसामात दिग्बोईची रिफायनरी १९०१ पासून चालू आहे, आपल्याकडे हे मेण तिथूनही येतं, अशी माहिती त्यांनी शेऱ्यात लिहिली. आणि मग त्याच शेऱ्यात खाली : ‘नामंजूर. खनिज तेलापासून.’ जंगलाच्या कडेला राहून पेट्रोलच्या भावकीतली वस्तू घरात जाळायची नाही, हे तत्त्व. हे तत्त्व सांगायला ते स्कूटरवरून तीनदा दांडेलीला जाऊन आले. स्कूटर उसाच्या रसावर चालत असावी.

शिवाय जाळायचंय कुठे? पॅराफिनवरची बहुतेक भांडणं काजळीची, धुराची, म्हणजे वातीची आहेत. इथे वातच नाही. बर्नरच्या वाटीत मेणाने एवढंच करायचं असतं : बेताच्या उबेला पातळ व्हायचं, वास धरून ठेवायचा आणि हळूहळू सोडायचा. मेणबत्तीच्या मेणाची जशी परीक्षा होते तशी वडीच्या मेणाची होतच नाही. हे इतकं समजूतदार काम आहे की यात नापास होणारं मेण शोधायलाही मेहनत लागते. काकांनी ती घेतली.

दुसरा उमेदवार सोयाचा. आपल्या लातूरकडच्या सोयाबीनचं मेण होत असेल तर आपलंच म्हणायचं, या भावनेने काका पाघळले. पण ते मेण होतं कसं, याचा त्यांनी छडा लावला. सोयाबीनच्या तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन घालायचा, की तेल घट्ट होतं. काकू चुलीपाशी ऐकत होत्या. ‘म्हणजे डालडा की ओ!’

काका गप्प. बाईने एका शब्दात तक्ता मोडला होता. युक्ती खरोखर तीच. १९३७ साली आपल्याकडे डालडा आला तो याच वाटेने, तेलं वेगळी असतील एवढंच. फरक असा की वनस्पती तूप तोंडात विरघळायला हवं म्हणून ते मऊ ठेवतात आणि मेणासाठी तेल आणखी घट्ट करत नेतात, पन्नास अंशांच्या आसपास वितळेल असं. सोयाचं मेण वास सावकाश सोडतं. वडी ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे मुरू दिली तर वास जास्त चांगला येतो. मात्र थंड होताना कधी कधी वर पांढरी झाक धरते, दवासारखी. काकांनी ती बघितली आणि लिहिलं : ‘बुरशी?’ ती बुरशी नसते, चरबीचे स्फटिक असतात, वासात काडीचा फरक पडत नाही. पण खरेदी खात्यातल्या माणसाने एकदा प्रश्नचिन्ह काढलं की ते पुसायला ऑडिटच यावं लागतं.

मग मधमाशीचं मेण. हे तरी अस्सल! कुळगीत राहून मेण बाहेरून मागवायचं म्हणजे शोभतं का? वर झाडाला आग्या मोहोळ लटकलेलं दिसत होतं, पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मोहोळाला हात लावायचा तर आधी माशांशी आणि मग वनखात्याशी बोलावं लागतं. काकांनी शिरसीकडून पेटीतल्या सातेरी माशांचं मेण मागवलं. पिवळंधमक, मधाचा वास येणारं. किलोभर मेण करायला माश्या सहा-आठ किलो मध खातात म्हणे, त्यामुळे दरही तसाच. काकूंनी त्यात वाळ्याचं अत्तर घातलं. वास मधाचाच. केवडा घातला. वास मधाचाच. दुसऱ्या कुणाला बोलूच न देणारा पाहुणा असतो ना, तसं हे मेण. त्यात ते वितळायला ६२ ते ६४ अंश लागतात, त्यामुळे पणतीएवढ्या ज्योतीवर बराच वेळ ते नुसतं ऐटीत बसून राहतं.

त्याच संध्याकाळी काकूंनी कोनाड्यातून टाचांच्या भेगांचा डबा काढला. आत भिरंडेलाचा गोळा. आमच्याकडे कोकमाला भिरंड म्हणतात. बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं, गार झाल्यावर घट्ट होतं आणि हातानेच गोळा वळतात. ‘हे बघा. घरचं, झाडाचं, फुकट.’

काकांना घाम फुटला. फुकट वस्तूचं कोटेशन कुणाकडून घ्यायचं?

तरी चाचणी झाली. ती मी डोळ्यांनी बघितली. पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलची वाटी, वाटीत भिरंडेल. काकूंची पद्धत बरोबर होती. मेण थेट आचेवर ठेवायचं नसतं, तापून पेटलं तर पाणी ओतून विझत नाही, उलट भडकतं. तापमान मोजायला घरात एकच यंत्र, तापाचं. काकांनी स्वच्छ पुसून ते वाटीत धरलं. गोळ्याची कड पारदर्शक झाली, मग मधला पांढरा ठिपका हळूहळू बारीक होत गेला आणि यंत्र पीं-पीं वाजलं. एकशे चार.

‘एकशे चारला वितळतंय,’ काका म्हणाले.

‘मग कपाळावर पट्टी ठेवा,’ काकू.

एकशे चार फॅरनहाइट म्हणजे चाळीस अंश. कोकमाचं तेल वितळतं ते साधारण तिथेच. म्हणजे एप्रिलात पाहुण्याने वडी विकत घेऊन गाडीत ठेवली तर गोव्याची हद्द येईपर्यंत सीटवर नुसता सुगंधी डाग उरणार. भिरंडेल बाद. मग काकांनी तेच यंत्र शिरसीच्या मेणात बुडवलं. पडद्यावर इंग्रजीत ‘हाय’ आलं. तापाच्या यंत्राची मजल बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंतच. पुढे ते हात वर करतं. ‘बघा,’ काकू म्हणाल्या, ‘नमस्कार करून निघालं.’ ते परत कधी बोललं नाही.

नारळाच्या मेणाचं प्रकरण लवकर मिटलं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांनाच पातळ होतं, त्यामुळे नारळाचं मेण म्हणून जे मिळतं त्यात दुसरं काहीतरी घालून ते घट्ट केलेलं असतं. आणि ‘दुसरं काहीतरी’ हे शब्द तक्त्यात बसत नाहीत. पाम मेण चांगलं स्फटिकदार निघालं होतं. पण बंगळूरच्या एका पाहुणीने नाश्त्याला बसल्या बसल्या बोर्निओची जंगलं आणि ओरांगउटान काढले. काकांनी आयुष्यात ओरांगउटान बघितला नव्हता, तरी त्याच्या बाजूने नामंजुरी दिली.

एव्हाना कोनाड्यातल्या ताटलीत सगळ्या नमुन्यांचे तुकडे साठले होते. एक दिवस काकूंचा संयम सुटला. महाबळेश्वरला भावेश भाटियांनी १९९४ साली हातगाडीवरून मेणबत्त्या विकायला सुरुवात केली, आज त्यांच्या सनराइज कॅंडल्समध्ये कितीतरी अंध माणसं काम करतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ‘दिसत नसताना माणसं कारखाना चालवतात आणि तुम्ही दोन चष्मे लावून एक वडी ओतत नाही.’ काका म्हणाले, ‘घाईने घेतलेला माल परत करताना किती कागद लागतात, तुला कल्पना नाही.’ आणि स्कूटर काढून ते बेळगावच्या एका व्यापाऱ्याचा दर फोनवर नीट ऐकू यावा म्हणून रेंज शोधायला गेले.

ते येईपर्यंत काकूंनी पॅराफिनच्या लाद्यांचे आणि सोयाचे तुकडे एकाच भांड्यात घातले. मेण पातळ झाल्यावर खाली उतरवलं आणि अंदाजाने वास घातला, शंभर ग्रॅमला आठेक ग्रॅम. सुरंगीची फुलं घालायचा मोह त्यांनी टाळला. वाळलेली फुलं मेणात नुसती काळी पडतात, वास तेलातूनच येतो. वाळ्याचं अत्तर होतं, तेच घातलं. सगळं आप्पेपात्रात ओतलं. गार झाल्यावर चमच्याच्या टोकाने उचकलं की गुळगुळीत गोलाकार वड्या. पॅराफिन आणि सोया मिसळून वड्या करणारे जाणकार कितीतरी आहेत. पॅराफिन वास फेकतं, सोया तो पुरवून पुरवून सोडतं. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त कोनाडा रिकामा करायचा होता.

वड्या दोन शनिवार-रविवारांत संपल्या. पुण्याच्या एका कुटुंबाने आणखी पन्नास मागितल्या. काकांनी बातमी शांतपणे ऐकली. ‘प्रमाण काय होतं?’

‘मूठ-मूठ.’

‘कुणाची मूठ?’

त्यावर काकूंनी दोन्ही नमुन्यांच्या पुड्या तागडीत टाकून वजन करून दाखवलं आणि नवा घाणा ओतायला बसल्या. काकांनी नवी फाईल उघडली, पॅकिंगची. पुठ्ठा हा तर मिलमध्ये जन्म काढलेल्या माणसाचा घरचा विषय : किती जीएसएम, किती पदरी, आतून लेप हवा की नको, दमट हवेत फुगणार किती. तीन ठिकाणी पत्रं गेली. पाहुणे रविवारी निघायचे होते. काकूंनी परसातल्या सागाची मोठाली पानं तोडली, पुसली, एकेकात पाच-पाच वड्या गुंडाळून केळीच्या सोपाने बांधल्या आणि गाडीत ठेवल्या. पाहुणे खूश, फोटो काढून झाले, गाडी अंबिकानगरच्या रस्त्याला लागली.

काकांनी उरलेलं एक पान उचललं, उलटं केलं, बोटाने शिरा चाचपल्या.

‘साग ठीक आहे की. पण पळसाचं बघितलंस? कुंभ्याचं?’