नशीब विणण्याची शास्त्रोक्त रीत (नवशिक्यांसाठी, खानदेश आवृत्ती)

नशीब बाजारात तयार मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे. जळगावात ते सराफ बाजारात तोळ्यावर मिळतं आणि त्याचा भाव रोज सकाळी बदलतो. ज्यांना तो भाव झेपत नाही त्यांच्यासाठी हा दुसरा, सुती मार्ग: हिरव्या दोऱ्याचं चार पानांचं क्लोव्हर, क्रोशाने विणलेलं, स्कूटीच्या किल्लीला लटकवण्याजोगं. खर्च किरकोळ, मेहनत एका दुपारची, परतावा अनिश्चित. (परतावा सोन्याचाही अनिश्चितच असतो, पण हे सराफाच्या गादीवर बसून बोलू नये.)

आधी वनस्पतीची ओळख करून घ्यावी. क्लोव्हर हे गवताळ माळावर उगवणारं, एका देठाला तीन पानं असलेलं साधं रोपटं. हजारो देठांमध्ये एखाद्यालाच चौथं पान फुटतं. युरोपात माळावर बसून ज्यांनी मोजदाद केली त्यांचा हिशेब साधारण पाच हजारांत एक असा निघाला. इतकं दुर्मीळ म्हणून ते सापडलं तर भाग्याचं. आपण मात्र विणताना दर वेळी चारच पानं काढणार, म्हणजे पाच हजारांत पाच हजार. या मुद्द्यावर नवशिक्यांनी फार विचार करू नये, टाके सैल पडतात.

आपल्याकडे क्लोव्हर होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजारच्या गोठ्यात डोकवावं. म्हशीपुढे टाकलेला बरसीम हा अस्सल क्लोव्हरच आहे. लसूणघास आणि मेथीही त्याच गोतावळ्यातल्या. म्हणजे खानदेशातली म्हैस रोज भारेच्या भारे सौभाग्य खाते आणि डेअरीवर तरीही फॅट लागत नाही. हा पुरावा आपल्या कामाच्या विरोधात जातो, म्हणून इथे थांबू. नातं मात्र लक्षात ठेवावं, कारण तुमचं विणकाम पाहून धुळ्याची मावशी विचारणारच, "हाई काय शे वं? मेथीनं पान शे का?" उत्तर द्यावं, "हो मावशी." मेथी क्लोव्हरची चुलत बहीण असल्याने हे उत्तर शास्त्राला धरूनही फारसं चूक नाही, आणि चहा निवत नाही.

साहित्य. हिरवा सुती दोरा, अडीच-तीन मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची साधी सुई, कात्री, किल्लीची कडी. लोकर अजिबात आणू नये. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना घामेजल्या बोटांना लोकरीचे तंतू चिकटतात आणि पानाला मिशा फुटतात. शिवाय हा कापसाचा जिल्हा आहे, थोडी लाज बाळगावी. इथला कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात, त्या दूरच्या गिरण्यांकडे रवाना होतात आणि सुताची गुंडी होऊन फुले मार्केटच्या दुकानात परत येतात. शेतकऱ्याला क्विंटलमागे काय मिळालं आणि तुम्ही गुंडीमागे काय मोजलं, याचं त्रैराशिक विणकामाच्या आधी मांडू नये. जळगावची खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल चालू होत्या तेव्हा हा फेरा बराच आखूड होता. आता भोंगे बंद आहेत. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच जिल्ह्यात, तेव्हाच्या पूर्व खानदेशात, फैजपूरला झालं. त्या काळी लोक सूत कातून स्वराज्य मागत होते. आपली मागणी त्या मानाने माफक आहे: सिग्नलला स्कूटी बंद पडू नये.

सुई विकत घेण्याआधी आजीचा पत्र्याचा डबा उघडून पाहावा. त्यात एक पोलादी सुई असते. ती या पानासाठी बारीक पडेल, पण दर्शन घेऊन ठेवावं. या सुईने आजीने आधी रुखवत विणलं, ताटावरचा रुमाल, तांब्यावरचं झाकण, दाराचं तोरण. मग संसार सुरू झाला आणि घरात जे जे आलं त्याला तिने झालर लावली. रेडिओ आला, त्याला झालर. टीव्ही आला, त्याला झालर. फ्रीज, मिक्सर, टेलिफोन, कोणी सुटलं नाही. पुढे भिंतीला चिकटणारा चपटा टीव्ही आला, वर रुमाल पसरायला कडच उरली नाही, आणि एका रात्रीत ती सुई बेरोजगार झाली. आजीने टीव्ही बदलल्याबद्दल अजून कोणाला क्षमा केलेली नाही.

कृती. दोरा डाव्या तर्जनीभोवती दोनदा गुंडाळून रिंग करावी आणि तिचं मोकळं टोक बाहेर ठेवावं. ते शेवटी ओढायचं आहे. रिंगमधून दोरा वर ओढून एक साखळी घ्यावी, म्हणजे रिंग पक्की होते. आता पान. ३ साखळ्या विणाव्यात. मग सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन रिंगमध्ये शिरावं, दोरा बाहेर ओढावा. सुईवर तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन सोडवावेत, पुन्हा दोरा घेऊन उरलेले दोन सोडवावेत. याला खांब म्हणतात. असे २ खांब घालावेत. खांब उभे राहिले म्हणजे काम झालं असं नाही, हे ज्यांच्या शेतात विजेचे खांब येऊन पडले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पुन्हा ३ साखळ्या, आणि सुई रिंगमध्ये घालून दोरा सगळ्यांतून एकदम ओढून घ्यावा. पहिलं पान झालं. असंच आणखी तीनदा.

चौथं पान पुरं होताच घरात आक्षेप येईल. तो आजीकडून येईल आणि तो बिनतोड असेल. बेलाला तीन दलं, दूर्वांची जुडी एकवीसची, आहेर एकशे एकचा, दक्षिणा सव्वा रुपया. आणि तुम्ही शुभ म्हणून चार करताय? चौघं जण कशाला लागतात हे तिने पुष्कळ पाहिलेलं आहे. इथे आयरिश लोककथा सांगत बसू नये. दांडी विणायला घ्यावी. ९ साखळ्या, सुईजवळची एक सोडून परत येताना प्रत्येक साखळीत एक मुका खांब, म्हणजे वेढा न घेता घातलेला. असे ८ होतील. सासूबाई आणि आई एकाच खोलीत बसलेल्या असताना विणायला याहून योग्य टाका नाही. रिंगमध्ये टाका घालून दोरा कापावा, फासातून ओढून घ्यावा आणि आजीला सांगावं: चार पानं, एक दांडी, एकूण पाच. आक्षेप मागे घेतला जातो.

रिंगचं मोकळं टोक ओढलं की मधलं भोक मिटतं. मोठ्या नेढ्याच्या सुईने प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेला मधोमध एक टाका घेऊन किंचित आवळावा, म्हणजे खाच पडते आणि पान बदामाच्या आकाराचं होतं. उरलेली टोकं मागच्या बाजूने लपवावीत. पाठ बघून विणकाम पारखणारी एक काकू प्रत्येक गल्लीत असते.

क्रोशाने खरंच कोणाचं नशीब पालटलं का, असं कोणी विचारलं तर हो म्हणावं. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षं भीषण दुष्काळ होता. तिथल्या कॉन्व्हेंटांतून आणि मोठ्या घरच्या बायांकडून गरीब बायका क्रोशाची लेस शिकल्या. त्या लेसमध्ये गुलाब असत, वेली असत आणि त्यांच्या देशाचं चिन्ह असलेलं शॅमरॉक, म्हणजे क्लोव्हरच, असे. ती लेस श्रीमंतांच्या गळपट्ट्यांना लागली आणि कित्येक चुली पेटत्या राहिल्या. शॅमरॉकला पानं तीनच. म्हणजे चौथ्या पानाचा यात काही हात नव्हता. पैसे मोजणारी गिऱ्हाईकं होती.

तेव्हा भाव सांगायला शिकावं. बचत गटाच्या स्टॉलवर पान मांडलंत की गिऱ्हाईक ते बोटांनी चाचपून म्हणेल, "एवढ्याशा दोऱ्याचे एवढे?" हेच गिऱ्हाईक तासाभरापूर्वी सराफाकडे घडणावळ मोजून आलेलं असतं आणि तिथे त्याने चकार शब्द काढलेला नसतो. म्हणून पानावर चिठ्ठी लावावी: दोरा अमुक, घडणावळ तमुक. घडणावळ हा शब्द वाचला की जळगावकर आपोआप पाकिटाकडे हात नेतो. तरी कोणी "तीन पानांचं स्वस्तात नाही का?" विचारलं तर त्याला भाजीबाजाराचा रस्ता दाखवावा, तिथे जुडी मिळते.

वापराबाबत सूचना. रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांनी उन्हाळी वादळाआधी बांधावर एक पान टांगायला हरकत नाही. विम्याचा हप्ता मात्र भरत राहावा. कापूसवाल्यांनी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावावेत. सापळ्याला पान बांधलं तर पतंगांची तक्रार नसते. दहावीच्या मुलांच्या दप्तराला बांधल्यास पान हरवतं, दप्तर सापडतं. नव्या गाडीला लिंबू-मिरची आणि क्लोव्हर दोन्ही बांधू नये. कोणाच्या जोरावर वाचलो याचा निकाल लागत नाही आणि दोन्ही बाजूंचे लोक श्रेय मागायला येतात.

धुण्याविषयी. पहिल्या धुण्यात हिरवा रंग थोडा सुटतो, म्हणून पान वेगळं धुवावं, सावलीत वाळवावं, पिळू नये. धुळ्याच्या वाचकांनी हे काम नळाला पाणी येईल त्या दिवशी उरकावं. पाणी कधी येणार हे पानाला विचारू नये. शेजारणीला विचारावं, तिने मोटर लावलेली असते.